टेस्टोस्टेरॉन सुरू न करता पाळी थांबवता येईल का?

माणदेशी

नमस्कार. मी २४ वर्षांचा पारलिंगी पुरुष आहे. गाव माण तालुक्यात आणि नोकरी चाकणला, एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात. कामावर मनुष्यबळ विभागातील दोन माणसे सोडली तर सर्वजण मला मुलगा म्हणूनच ओळखतात. गावी मात्र आई, आजी आणि काकांसाठी मी अजून त्यांची थोरली लेक आहे, आणि धाकट्या बहिणीचे लग्न होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षे, ते तसेच राहू द्यावे असे मी ठरवले आहे. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुष संप्रेरक, इतक्यात घेता येणार नाही. दाढी रोज करता येईल, पण एकदा आवाज फुटला की दर रविवारी फोनवर बोलणाऱ्या आजीपासून तो लपवता येणार नाही.

अडचण पाळीची आहे. पाच ते सहा दिवस रक्तस्राव होतो, त्यातील दोन दिवस पोटात इतके दुखते की उभे राहून काम करणे कठीण जाते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याची पेटी नसते, म्हणून वापरलेला पॅड कागदात गुंडाळून पँटच्या खिशात ठेवावा लागतो आणि आठ तासांची पाळी संपेपर्यंत तो तिथेच राहतो. (ही पाळी कामाची, आपल्या भाषेने दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे, त्याला मी काय करणार?) शारीरिक त्रासापेक्षाही त्या दिवसांत स्वतःच्या शरीराविषयी जी घुसमट होते, तिच्यामुळे गेल्या वर्षभरात मी अनेक रजा घेतल्या आहेत.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला घरी गेलो, तेव्हा तारीख नेमकी गौरी जेवतात त्या दिवशी येत होती, म्हणून आईनेच औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणून दिल्या. नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. तारखेच्या तीन दिवस आधीपासून रोज तीन अशा दहा दिवस घेतल्या आणि बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली. देवासाठी जी गोळी दहा दिवस चालते, ती माझ्यासाठी वर्षभर का चालू नये, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘अंतरा’ इंजेक्शनविषयी आहे: त्याने पाळी थांबते असे ऐकले, ते खरे आहे का? आणि तिसरा, हे सगळे टाळून थेट पिशवीच काढून टाकता येईल का?

एका स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन आलो. माझी ओळख सांगण्याआधीच त्यांनी लग्नानंतर सगळे सुरळीत होते असे म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यामुळे पुढे काही बोलण्याचे धाडस झाले नाही. आणखी एक गोष्ट, महत्त्वाची आहे की नाही हे ठाऊक नाही: वर्षातून तीन-चार वेळा माझी अर्धशिशी उठते आणि त्याआधी वीसेक मिनिटे डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा दिसतात.

खाडीकाठ

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. पाळी थांबवणे आणि टेस्टोस्टेरॉन सुरू करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि पहिला घेतला म्हणजे दुसरा घ्यावाच लागतो असे नाही. मला हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे मी तीन वर्षे उगाच काढली.

मी ठाण्याचा, वय ३३. टेस्टोस्टेरॉन २०१९ च्या अखेरीस सुरू केले, पण त्याआधी सव्वा वर्ष ‘अंतरा’वर होतो. हे इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेवर. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुटुंबनियोजनासाठी ते सार्वजनिक आरोग्यसेवेत आणले आणि ते विनामूल्य मिळते. पाळी बंद करण्याचे औषध म्हणून ते दिले जात नाही; पाळी बंद होणे हा त्याचा परिणाम आहे, ज्याला परिचारिका ‘घाबरू नका, असे होते’ म्हणून समजावतात आणि आपण मात्र त्याच्याचसाठी गेलेलो असतो.

पहिले तीन महिने मला फार जड गेले, हे स्पष्ट सांगतो. पाळी थांबली नाही, उलट बेभरवशाची झाली. कधी चार दिवस काही नाही, तर कधी सलग पंधरा दिवस डाग. ठरलेल्या पाच दिवसांच्या तयारीने जगणाऱ्या माणसाला ही अनिश्चितता अधिक छळते. दुसऱ्या इंजेक्शननंतर डाग कमी झाले आणि तिसऱ्यानंतर पूर्ण थांबले. वजन पाच किलोने वाढले. केंद्रावर कार्ड भरताना पतीचे नाव विचारले गेले, तेव्हा मैत्रिणीला बरोबर नेल्याचा उपयोग झाला. ती बोलली आणि मी गप्प बसलो.

दोन गोष्टींपासून दूर राहा. पहिली, तांबी. ‘इंजेक्शन नको असेल तर तांबी बसवून घ्या’ असे कोणी सहज सुचवते, पण तांबीने गर्भधारणा टळते, पाळी थांबत नाही. बहुतेकांचा रक्तस्राव आणि पोटदुखी तिने वाढते. दुसरी, व्यायामशाळेत ओळखीने मिळणारे टेस्टोस्टेरॉन. तुम्ही ते घेणार नाही असे लिहिले आहे, तरी थोडेसे घेतले तर आवाज न फुटता पाळी तेवढी थांबेल, असे सांगणारा कोणीतरी तुम्हाला भेटेलच. मलाही भेटला होता.

नाशिकची_स्त्रीरोगतज्ज्ञ

माणदेशी, तुमच्या प्रश्नातील शेवटची ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे, तीच माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसणे याला आम्ही ‘ऑरा’ म्हणतो. ज्यांना ऑरासह अर्धशिशी आहे, त्यांनी इस्ट्रोजेन हे स्त्री संप्रेरक असलेली गर्भनिरोधक गोळी घेतल्यास मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे अशा व्यक्तींना ती गोळी कोणत्याही वयात देऊ नये असाच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांचा अर्थ आहे. हे सांगण्याचे कारण असे की पाळी थांबवण्याचा एक सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणून ‘माला-डी’सारख्या गोळ्या सलग घेण्याचा सल्ला तुम्हाला अनेकजण देतील. त्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या वगळून लगेच दुसरे पाकीट सुरू केले की पाळी येत नाही, आणि ज्यांना इस्ट्रोजेन चालते त्यांच्यासाठी हा मार्ग चुकीचा नाही. तुमच्यासाठी तो बंद आहे. अनेक पारलिंगी पुरुषांना इस्ट्रोजेन हा शब्दही नकोसा वाटतो, पण इथे प्रश्न भावनेचा नसून रक्तवाहिन्यांचा आहे.

आता तुमच्या आईने आणलेल्या गोळीकडे वळू. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखे काम करणारे औषध आहे. गर्भाशयाचे अस्तर ते धरून ठेवते, म्हणून गोळी चालू असेपर्यंत पाळी येत नाही आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटते. गणपतीनंतर तुम्ही अनुभवले ते हेच. दीर्घकाळ आणि सलग घेतल्यास अस्तर हळूहळू पातळ होत जाते आणि मग पडण्यासारखे फारसे काही उरतच नाही. एंडोमेट्रिओसिसच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या, रुग्णांना आम्ही ही गोळी अनेक महिने देतो, त्यामुळे ‘वर्षभर का चालू नये’ हा तुमचा प्रश्न मुळीच वावगा नाही.

फरक मात्रेत आहे. सणासाठी रोज तीन गोळ्या, म्हणजे १५ मिलिग्रॅम, देण्याची पद्धत आहे. पाळी दीर्घकाळ थांबवून ठेवण्यासाठी बहुतेकांना रोज एक पुरते. शरीरात या औषधाचा लहानसा भाग एथिनिलइस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. रोजच्या एका गोळीतून तो अगदी अल्प असतो, परंतु १० ते २० मिलिग्रॅम घेतल्यास शरीरात तयार होणारे इस्ट्रोजेन एखाद्या गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेनच्या जवळपास जाते. म्हणजे तुम्ही ज्या गोळीपासून दूर राहायला हवे, तीच मागच्या दाराने आत येते. दहा दिवसांत काही झाले नाही हे चांगलेच झाले. पण त्या मात्रेने, दुकानातून स्वतःच आणून, महिनोन्‌महिने घेऊ नका. यकृताचा आजार, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याचा इतिहास किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तुमच्यासारख्या रुग्णाला मी बहुधा डिएनोजेस्ट, २ मिलिग्रॅम, रोज एक गोळी, हा पर्याय आधी सुचवते. तेही प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातले औषध आहे, आज कोणत्याही शहरात मिळते आणि त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत नाही. पोटदुखीवर ते विशेष चांगले काम करते आणि तुमचे पहिले दोन दिवस ज्या प्रकारचे आहेत, ते पाहता एंडोमेट्रिओसिस नाही ना, हेही तपासले पाहिजे. उणी बाजू अशी की पहिले दोन-तीन महिने डाग पडतात, गोळी नॉरएथिस्टेरॉनपेक्षा महाग आहे, काहींचे मन उदास होते, आणि पुरुष संप्रेरकांना किंचित विरोध करण्याचा तिचा गुण असल्यामुळे पुढे टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर ती चालू ठेवायची का, याचा विचार तेव्हा नव्याने करावा लागेल. गोळी कोणतीही असो, रोज एकाच वेळी घ्या. पाळी थांबवणाऱ्या गोळ्यांचे अपयश बहुतेक वेळा औषधाचे नसते, विसरण्याचे असते. आठवड्याने कामाची पाळी बदलणाऱ्या माणसाने तर ‘जेवणानंतर’ असे न ठरवता घड्याळातील वेळ ठरवावी.

‘अंतरा’विषयी खाडीकाठ यांनी लिहिलेले बरोबर आहे. वर्षभरात सुमारे निम्म्या व्यक्तींची पाळी पूर्ण थांबते, पुढे हे प्रमाण आणखी वाढते. ऑरासह अर्धशिशी असली तरी ते साधारणपणे देता येते. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. गोळी सोसली नाही तर उद्या बंद करता येते, पण टोचलेले इंजेक्शन परत काढता येत नाही. त्रास झाला तर तीन महिने सोसावा लागतो. आणि ते शरीरातील इस्ट्रोजेन कमी करत असल्यामुळे हाडांची घनता घटते. इंजेक्शन थांबवल्यावर ती बरीचशी भरून येते, तरीही विशीच्या पहिल्या अर्ध्या भागात, जेव्हा हाडे अजून बळकट होत असतात, तेव्हा दोन वर्षांपेक्षा अधिक काळ ते चालू ठेवायचे असेल तर पुन्हा विचार करावा, असे मी सांगते.

लीयुप्रोलाइडसारखी मेंदूकडून बीजकोशांना जाणारा संदेशच थांबवणारी इंजेक्शनेही आहेत. एकेका इंजेक्शनची किंमत हजारांत जाते, पहिल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एकदा चांगलाच रक्तस्राव होतो, आणि सहा महिन्यांच्या पुढे एकटे वापरल्यास हाडे झिजतात. तुमच्या बाबतीत तोफ आणण्याची गरज दिसत नाही.

औषध सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. सोनोग्राफी मूत्राशय भरून पोटावरूनच करता येते. आतून करण्याची सक्ती नसते आणि ‘मला आतील तपासणी नको आहे’ असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पहिल्या भेटीत तुमची ओळख सांगणे कठीण जात असेल तर चिठ्ठीवर तीन ओळी लिहून पुढे ठेवा: मी पारलिंगी पुरुष आहे, मला पाळी थांबवायची आहे, टेस्टोस्टेरॉन सध्या नको आहे. ज्यांनी तुम्हाला लग्नाचा उपाय सांगितला, त्यांच्या वतीने मी काय बोलू? आमच्या शिक्षणात ‘विवाहित की अविवाहित’ हा रकाना नावानंतर लगेच येतो आणि पुष्कळांचे ऐकणे तिथेच थांबते.

तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडक्यात. पिशवी काढल्यावर पाळी निश्चितपणे आणि कायमची थांबते. परंतु तुम्ही २४ वर्षांचे आहात आणि टेस्टोस्टेरॉन घेत नाही. अशा वेळी पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर शरीरात कोणतेच लैंगिक संप्रेरक पुरेसे उरत नाही आणि चाळिशीच्या आधीच म्हातारपणची हाडे मिळतात. महाराष्ट्रात आम्हा डॉक्टरांना या शस्त्रक्रियेचा वेगळाच इतिहास आठवतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या २०१९ मधील सर्वेक्षणात तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली, त्यांतील कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. त्यानंतर तरुण वयात पिशवी काढण्याची मागणी आली की आमचा हात आखडतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. एक पर्याय वर सुटला आहे, तो जोडतो: गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन, जे ‘मिरेना’ या नावाने अधिक ठाऊक आहे. दिसायला ते तांबीसारखेच असते, पण त्यात तांबे नसून ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते आणि परिणाम तांबीच्या नेमका उलट होतो. औषध मुख्यतः गर्भाशयातच काम करते आणि रोजची आठवण ठेवावी लागत नाही. माझा रक्तस्राव सातव्या महिन्यात थांबला. मात्र सर्वांचा थांबत नाही. वर्षाच्या शेवटी पाचांपैकी साधारण एकाचा पूर्ण बंद होतो आणि इतरांना थोडे डाग पडत राहतात, असे मला बसवण्यापूर्वी सांगितले होते.

बसवण्याची प्रक्रिया जागेपणी सहन होणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून थोड्या वेळाची भूल मागितली आणि ती मिळाली. सकाळी गेलो आणि दुपारी घरी आलो. दोन दिवस पोटात कळा आल्या. ज्यांना अशी तपासणी अजिबात नको वाटते, त्यांना हे कितीही चांगले असले तरी मी आग्रह करणार नाही. आणखी एक, बीजकोश आपले काम चालूच ठेवतात. त्यामुळे रक्त थांबले तरी दर महिन्याला छातीत जडपणा येणे माझे थांबलेले नाही, आणि मला तेच अधिक नकोसे होते.

विदर्भवासी

डॉक्टरीणबाईंनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण बीडच्या उदाहरणाला माझा आक्षेप आहे आणि तो मी आदराने नोंदवतो. बीडच्या बायकांच्या बाबतीत प्रश्न असा होता की त्यांना पुरेसे काही सांगितले नाही, कॅन्सरची भीती घातली आणि पैसे उकळले. पाळीमुळे कामाचा खाडा झाला की मुकादम जो दंड करतो, तो चुकवण्यासाठी त्यांना शरीराचा भाग द्यावा लागला. आमच्या बाबतीत उलट आहे. आम्ही सर्व वाचून, समजून, वर्षानुवर्षे मागत असतो आणि दार उघडत नाही. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्याला थांबवून होत नाही.

मी ३८ वर्षांचा आहे. टेस्टोस्टेरॉन सुरू करून चार वर्षे झाल्यावर, २०२१ मध्ये, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून पिशवी आणि बीजनलिका काढून घेतल्या. पाळी टेस्टोस्टेरॉनने चौथ्याच महिन्यात थांबली होती, त्यामुळे मला शस्त्रक्रियेची घाई नव्हती. परंतु तिसऱ्या वर्षी ओटीपोटात पेटके येऊ लागले, जे टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या अनेकांना येतात. शल्यचिकित्सकांनी मनोविकारतज्ज्ञांची दोन पत्रे मागितली. पारलिंगी आरोग्याच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीनुसार आता एकच पत्र पुरेसे मानले जाते, ते छापून जवळ ठेवावे.

बीजकोश मी ठेवले. विचार असा केला की उद्या औषधाचा तुटवडा झाला, नोकरी गेली किंवा टेस्टोस्टेरॉन थांबवण्याची वेळ आली, तर शरीराजवळ स्वतःचे काहीतरी असावे. माझ्या मित्राने दोन्ही काढले आणि तोही समाधानी आहे, मात्र आता त्याला इंजेक्शन चुकवून चालत नाही.

जे कोणी सांगत नाही ते सांगतो. शस्त्रक्रियेसाठी मला स्त्रियांच्या प्रसूती विभागात खाट मिळाली. दाढीवाला माणूस तिथे पाहून बाळंतिणींचे नातेवाईक मला ‘पेशंट कुठे आहे’ म्हणून विचारत होते. आधी बोलून घेतले असते तर वेगळी खोली मिळाली असती. पहिले दहा दिवस कोणीतरी घरी लागते, आणि सहा आठवडे जड उचलायचे नाही म्हणजे पाण्याची बादलीसुद्धा नाही. माणदेशी, दीड वर्ष घरी काही सांगायचे नसेल तर सहा आठवड्यांच्या विश्रांतीचे कारण काय देणार, याचा विचार शस्त्रक्रियेच्या खर्चाआधी करा.

नाशिकची_स्त्रीरोगतज्ज्ञ

विदर्भवासी, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. हात आखडतो हे मी आमच्या बाजूचे सत्य म्हणून लिहिले, समर्थन म्हणून नव्हे. पण वाचताना ते समर्थनासारखे वाटते, हे खरे.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. त्या रेषांविषयी लिहिले नसते तर ‘माला-डी’ मी पुढच्याच महिन्यात सुरू केली असती, कारण एका ओळखीच्याने तोच सल्ला दिला होता. आणखी दोन शंका आहेत. खाडीकाठ म्हणतात तसे, थोड्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन घेऊन आवाज वाचवता येतो, असे मला खरोखरच एकाने सांगितले आहे. आणि माझे एका मुलावर प्रेम आहे. पाळी बंद असताना गर्भधारणेची भीती राहते का?

नाशिकची_स्त्रीरोगतज्ज्ञ

मात्रा कमी ठेवली तर बदल सावकाश होतात, परंतु कोणता बदल आधी व्हावा हे आपल्या हातात नसते. आवाज पाळीच्या आधी फुटू शकतो आणि एकदा फुटलेला आवाज औषध थांबवून परत येत नाही. पूर्ण मात्रेने बहुतेकांची पाळी सहा महिन्यांच्या आत थांबते, काहींना वर्ष लागते. थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर इंजेक्शन उशिरा घेतले का हे आधी पाहावे आणि तसे नसेल तर तपासणी करावी. चिठ्ठीशिवाय घेणाऱ्यांच्या बाबतीत मला सर्वाधिक भीती रक्त घट्ट होण्याची वाटते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्तपेशींची तपासणी त्यासाठीच असते, आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेले तर मात्रा थांबवून किंवा कमी करून पाहावी लागते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर ठामपणे देते, कारण इथे गैरसमज सर्वांत महाग पडतो. पाळी बंद असणे म्हणजे गर्भधारणा अशक्य असणे नव्हे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. ते चालू असताना आणि पाळी थांबलेली असतानाही दिवस राहिल्याची उदाहरणे आहेत, आणि ते गर्भाला अपायकारक आहे. डिएनोजेस्टची २ मिलिग्रॅमची गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्यताप्राप्त नाही, म्हणून निरोध वापरावाच. ‘अंतरा’ आणि संप्रेरकयुक्त साधन ही दोन्ही मात्र मुळात गर्भनिरोधकेच आहेत. तुमच्या निवडीत ही गोष्टही मोजून घ्या.

खाडीकाठ

डॉक्टर शोधण्याविषयी एक सूचना. पुणे आणि कल्याण येथील पारलिंगी व्यक्तींसाठीचे ‘मित्र’ दवाखाने परदेशी मदत थांबल्याने २०२५ च्या जानेवारीत बंद झाले, तेव्हा जुन्या याद्यांवर विसंबून चाकणहून रजा टाकून जाऊ नका. आधी फोन करा. आणि खिशातील पॅडचा प्रश्न औषध लागू पडेपर्यंत राहीलच, म्हणून कामाच्या दिवसांसाठी मासिक पाळीचा कप वापरून पाहा. आठ तासांत तो काढावा लागत नाही. सर्वांना जमत नाही, मला जमला.

माणदेशी

तीन महिन्यांनी लिहितो आहे. चिठ्ठीवर त्या तीन ओळी लिहून पिंपरीतील एका स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवल्या. त्यांनी वाचल्या, विवाहित की अविवाहित हा रकाना मोकळा सोडला आणि पुढचे प्रश्न विचारले. सोनोग्राफी पोटावरून झाली आणि तीत काही निघाले नाही. हिमोग्लोबिन ९.८ निघाले, म्हणजे आधीच्या डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या तेवढ्या योग्य होत्या. डिएनोजेस्ट रात्री नऊ वाजता घेतो. रात्रपाळीच्या आठवड्यात यंत्राजवळ उभा राहूनच घेतो. पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला डाग पडले आणि एकदा तर सगळे सोडून द्यावेसे वाटले. गेल्या २६ दिवसांत काहीही नाही.

गणपतीसाठी परवा गावी निघालो आहे. आईने फोनवर आवाज खाली करून विचारले की यंदा तारीख कधी आहे, गोळ्या आणून ठेवू का. मी सांगितले की माझ्याजवळ आहेत.